सहाव्या सामन्याचा बॉल

भाऊ, तुझी वही काल माझ्याकडे आली. मयूरनं आणून दिली, जुन्या टॉवेलात गुंडाळून. "आत्या, तू एक बार देख ले, फिर मैं कॉलेज में दे आऊँगा," म्हणाला. तुझ्या पोराला मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदीच निघते. त्यावरून आपण दोघं किती भांडलो होतो, दोष तुझा की वहिनीचा की जबलपूरचा म्हणून. रविवारी त्याची गाडी आहे. त्याआधी वही कॉलेजच्या खेळाच्या सरांकडे पोचवायची. त्यांनी काचेच्या कपाटात जागा करून ठेवली आहे म्हणे.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. मी रोज बसनं रांझीला तुमच्या घरी येते, वहिनीजवळ बसते, चहा पिते आणि परत जाते. दारातून आत आले की आधी तुझ्या कॉटकडे बघते, सवयीनं. ऑक्सिजनचं मशीन परत गेलं. ते घरघरायचं तेव्हा माझं डोकं उठायचं. आता ते नाही, तर आम्ही सगळे उगाच हळू बोलतो.

लोक येतात आणि तू किती शांत माणूस होतास म्हणून सांगतात. मी मान हलवते. तू शांत बिलकुल नव्हतास. तू हट्टी होतास, आणि हट्टी माणूस गप्प बसला की लोकांना शांत वाटतो. तुझ्या फॅक्टरीतला एक जण तर म्हणाला, "सुधाकर भैया ने कभी किसी का दिल नहीं दुखाया." ज्यांचा माल तू तीस वर्षं रिजेक्ट करत होतास, त्यांना विचारायला पाहिजे होतं. वहिनीला हसू आलं आणि मग लगेच रडू आलं. तिचं काय करायचं ते मला कळत नाही. माझं काय करायचं तेही कळत नाही.

वहीत काय आहे म्हणून लोक विचारतात. मी सांगते, फुटबॉल आहे. त्यांना वाटतं, तुला खेळाची आवड होती. तुला खेळाची आवड कुठली? टीव्हीवर मॅच लागली तर तू दहा मिनिटांत घोरायचास. तुला एकाच टीमची आवड होती आणि तिचा एकही माणूस जिवंत नव्हता.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या गावातल्या त्याच कॉलेजात, ते लहानसं होतं तेव्हा, तेरा पोरांची एक फुटबॉलची टीम होती. एकाच पावसाळ्यात ती सहा सामने खेळली आणि मग मोडली. आपले पणजोबा, म्हणजे आजीचे वडील, तिचे गोलकीपर. पोरं अनवाणी खेळायची आणि समोर कधी रेल्वेची माणसं, कधी पलटणीतले गोरे, बूट घालून. पहिले पाच सामने टीम हरली. एक सामना तर शाळेच्या पोरांकडूनही हरली. एवढी गोष्ट आपल्या घरात सगळ्यांना माहीत होती, जशी घरोघरी एखाद्या वेड्या काकाची गोष्ट माहीत असते. तू रिटायर झालास आणि त्याच गोष्टीच्या मागे लागलास. आठ वर्षं.

त्या टीमची एक रीत होती, तिच्यावर तुझा फार जीव. बॉल एकच होता. सामना हरलं की तो बॉल गोलकीपरनं घरी न्यायचा, धुवायचा, वाळवायचा, चामड्याला चरबी लावायची आणि पुढच्या सामन्याला घेऊन यायचं. शिक्षाच ती. जिंकलं तर तोच बॉल कॅप्टननं न्यायचा, मान म्हणून. आता आपल्या पणजोबांच्या घरात चरबी उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. पणजी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. चामड्याचा बॉल घरात आला म्हणूनच ती आधी रुसलेली. तिनं मग घरात होतं ते तेल दिलं, माहेराहून वर्ध्याकडून आलेलं जवसाचं. पणजोबांनी ते बॉलला चोपडलं. आणि जवसाचं तेल वाळतं.

हे तुला कळलं तो दिवस मला आठवतो. तू माझ्या घरी आलास, चप्पलही काढली नाहीस आणि म्हणालास, "कुंदे, जवसाच्या तेलानं चामडं लाकूड होते. आमच्या सुतारखात्यात लाकडाले लावून राहिले हेच तेल." मग तू सांगत सुटलास. पोरं हरली की बॉल घरी यायचा, तेल प्यायचा, आणखी कडक व्हायचा. पुढच्या सामन्यात तो दगडासारखा बॉल अनवाणी पायांनी मारायचा. पाय सुजायचे, टीम पुन्हा हरायची, बॉल पुन्हा घरी. त्यांच्या प्रोफेसरांनी खेळाचं एक रजिस्टर ठेवलं होतं, त्यात त्यांनी लिहिलं होतं की मुलांचे पाय का सुजतात ते कळत नाही. तू एवढा हसलास की खोकला लागला. तो खोकला तेव्हा आम्ही कोणी मनावर घेतला नाही.

त्या रजिस्टरातून तुला पाच सामने सापडले. सहाव्या सामन्याची पानं वाळवीनं खाल्लेली. तारीख उरली होती, आणि रेल्वेची टीम, एवढंच. पुढे भोकं.

आणि तुला हवा होता तो सहावाच.

काहून ते मला सांगायची गरज नव्हती, मी तिथे होते. तू तेरा वर्षांचा, मी नऊ. तू शाळेच्या टीमचा गोलकीपर झाला होतास, पणजोबांसारखा. पहिल्याच मोठ्या सामन्यात सात गोल खाल्लेस आणि क्वार्टरच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसलास. जेवायला येईना, बाबांनी रागावून पाहिलं तरी येईना. मग आजी तुझ्याजवळ गेली. तिनं तुला सांगितलं की तिचे बाबा पाच सामने हरले, पाच वेळा बॉल घरी आला, पण सहाव्या वेळी बॉल घरी आला नाही. तू उठलास, हातपाय धुतलेस आणि चार पोळ्या खाल्ल्यास.

त्यानंतर आयुष्यभर तेच. बारावीला मी नापास झाले तेव्हा तू म्हणालास, सहावा सामना बाकी आहे. तुझं प्रमोशन अडकलं तेव्हाही तेच. माझे हे गेले, माझी प्राची तीन वर्षांची होती, घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला कोणाचंच ऐकू येत नव्हतं. तू माझ्या बाजूला येऊन बसलास आणि हळूच म्हणालास, "कुंदे, सहावा बाकी आहे." मला तेव्हा तुझा राग आला होता. पण दुसऱ्या सोमवारी मी ऑफिसला गेले. ते वाक्य पकडूनच गेले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं?

तुझी तपासायची पद्धत फॅक्टरीतली. इन्स्पेक्शनमध्ये तीस वर्षं मालाला गेज लावून मापं तपासलेला माणूस दुसरं काय करणार. एकट्या माणसाच्या सांगण्यावर वहीत काही पास होत नव्हतं. दोघांनी, एकमेकांशी न बोलता, तेच सांगितलं तर दोघांच्या सह्या आणि निकाल शाईनं. एकानंच सांगितलं असेल तर पेन्सिलनं. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कमानिया गेटजवळच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून टीमचा फोटो मिळाला, तर त्यातल्या एकेका चेहऱ्यासाठी तू दोन दोन घरं शोधत फिरलास. मी म्हणायचे, भाऊ, मेलेल्या माणसांना कशाला गेज लावून राहिला. तू म्हणायचास, जिवंत माणसं लावू देत नाहीत.

आणि ते तीन रॅक. मला पाठ आहेत इतक्या वेळा ऐकलेत. पास, रिजेक्ट आणि होल्ड. होल्डवरचा माल फेकायचा नाही आणि पुढेही सोडायचा नाही. बरेचदा तो मशीनवरून नुकताच उतरलेला, गरम असतो, म्हणून गेजमध्ये बसत नाही. थंड होऊ द्यायचा आणि परत लावून बघायचा. "गरम मालावर निकाल द्यायचा नाही," असं तू नव्या पोरांना शिकवायचास, आणि घरी आम्हालाही, पोळी तव्यावर असताना.

मझौलीला गेलो ते आठव. मटारचे दिवस होते. मी साठीची बाई, तुझ्या मोटारसायकलवर मागे बसून, कानाला मफलर बांधून. तिथे त्या टीमच्या कॅप्टनचा नातू शेती करतो असं तुला कळलं होतं. सामना जिंकला असेल तर बॉल कॅप्टनच्या घरी गेला असणार, आणि त्यांच्या घरात तशी काही गोष्ट असेल तर तुझी दुसरी साक्ष झाली. म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता. तू त्याला मुद्दाम काही सुचवलं नाहीस, नुसतं विचारलंस की दादाजी के फुटबॉल का कुछ याद है क्या.

"फुटबॉल खेलते थे, ये तो सुना है," तो म्हणाला. "बाकी बॉल-वॉल तो हमारे यहाँ कभी नहीं आया, भैया. आता तो पता रहता. यहाँ तो लोटा भी नया आए तो पूरे गाँव को पता चलता है."

तू वहीत लिहिलंस, त्याची सही घेतलीस, हात जोडलेस. त्यानं आपल्याला थैलीभर मटार दिले. परतताना रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा मी बोलले. बोलायला नको होतं.

"म्हणजे हरलेच न, भाऊ."

"काहून? कॅप्टन होस्टेलात राहत होता. बॉल होस्टेलात राहिला असेल. मझौलीवाल्याले काय माहीत."

"मग आले कशाला मझौलीले?"

तू चहा अर्धा टाकलास. मोटारसायकलला किक मारलीस. घरी आल्यावर मात्र सगळे मटार माझ्याच पिशवीत भरलेस, वहिनी बघत राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. हा माणूस पुरावा शोधत नाही आहे, याला टाकीजवळ बसलेल्या त्या पोराला उठवायचं आहे, असं वाटलं.

आता जे सांगायचं ते सांगते. घोळवून काही उपयोग नाही, तू ऐकणार नाहीस तो नाहीसच.

तू चार पोळ्या खाल्ल्यास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजीजवळ बसले होते. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आजी, सहाव्या वेळी बॉल खरंच नाही आला?"

"आला न वं," आजी म्हणाली. वर पाहिलंही नाही. "सहाव्यांदाही आला. पण त्याले सांगू नको. पोरगं रडून राहिलं होतं."

मी सांगितलं नाही. नऊ वर्षांची होते तेव्हा आजीला घाबरून. मग आजी गेली आणि ती गोष्ट तुझी झाली. तू ती सगळ्यांना सांगायला लागलास. माझ्या लग्नातही सांगितलीस, माइक हातात घेऊन. मग सांगायची वेळ निघून गेली असं मला वाटत राहिलं. तू वही केलीस तेव्हा मी मनात म्हटलं, याला दुसरी साक्ष मिळणारच नाही, हे पान पेन्सिलनं लिहिलेलं राहील आणि कोणाचं काही बिघडणार नाही. तू मला कधी विचारलंच नव्हतंस. तुझ्या नियमात मी बाद होते. तुझं उत्तर मला आधीपासून माहीत होतं, आणि उत्तर माहीत असलेल्या माणसाची साक्ष तू घेत नव्हतास.

मागच्या पावसाळ्यात तू तो नियम मोडलास. डॉक्टरांनी मयूरला बाहेर बोलावून सांगितलं होतं की फुप्फुसात आता काही उरलं नाही, घरी ठेवा, जपा. मयूर फोनवर नुसता "आत्या, आत्या" करत होता. दुपारी मी आले. वहिनी आत पडली होती. तू उशा लावून बसला होतास, नाकात नळी, मांडीवर वही.

"कुंदे, मी काही बोलणार नाही," तू म्हणालास. दोन शब्दांनंतर थांबत होतास. "तूच सांग. सहाव्या सामन्यानंतर काय झालं म्हणून, आजीनं तुले काय सांगितलं होतं?"

मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मशीनकडे पाहत होते, त्याच्या काचेत एक छोटी गोळी वरखाली होत होती.

"बॉल घरी आला नाही म्हणाली," मी म्हटलं.

"स्वतःहून सांगितलं, का तू विचारलं?"

"मी विचारलं. तांदूळ निवडत होती."

बघ, खोट्यात मी खरे तांदूळ घातले. तू वही माझ्यापुढे केलीस. मी 'साक्ष दोन'समोर सही केली, कुंदा. मला वाटलं, मी काहीतरी दिलं तुला. आयुष्यभर तू मला देत आलास, आणि देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं, एक खोटी सही. तू वही मिटलीस आणि म्हणालास, "चलो, झालं." मग म्हणालास, चहा कर, साखर घाल जरा, कोण बघून राहिलं.

बसमध्ये मी रडले. बाजूच्या बाईनं मला पाणी दिलं.

त्यानंतर तू मला दर वेळी विचारायला लागलास. मी आले, बसले, तब्येतीचं झालं, की तू म्हणायचास, "अजून काही आठवलं का गं?" मला वाटायचं, पडून पडून माणसाला काहीतरी बोलायला लागतं. मी म्हणायचे, नाही रे. तू म्हणायचास, अच्छा. पुढच्या वेळी परत तेच. दिवाळीत विचारलंस, संक्रांतीला तिळाची वडी तोंडात असताना विचारलंस. आणि त्या मंगळवारी, जो शेवटचा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास आणि परत विचारलंस. मी तुझी चादर सारखी करत होते. दिवसभराची दमले होते, बस उशिरा आली होती. मी म्हटलं, "नाही न, भाऊ. किती वेळा विचारशील तेच ते?"

तू "अच्छा" म्हणालास. मी मास्क परत लावून दिला.

तेच आपलं शेवटचं बोलणं. बाकीचे सांगतात, सुधाकर जाताना असं बोलला, तसं बोलला. मला तू अच्छा म्हणालास.

आज सकाळी वही घेऊन रांझीला आले आणि ती उघडली. पहिला सामना, दोन सह्या, निकाल शाईनं, हरले. दुसरा, हरले. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाखाली तुझी ती कोरल्यासारखी अक्षरं, पाय सुजल्याची नोंद, तेलाची नोंद. मग मझौलीच्या म्हाताऱ्याचं म्हणणं, खाली त्याची वाकडी सही. मी सहाव्याचं पान सावकाश उलटलं. मला आधीच माहीत होतं तिथे काय असणार. शाईनं लिहिलेलं 'जिंकले', किंवा फार तर 'बरोबरी', आणि खाली माझी खोटी सही, काचेच्या कपाटात जायला तयार.

साक्ष एक, तुझी सही. साक्ष दोन, कुंदा. निकालाचा चौकोन कोरा होता.

कोरा नव्हता. कोपऱ्यात, अगदी बारीक, तू लिहिलं होतंस, 'होल्ड'. आणि तारीख. त्याच दुपारची तारीख, भाऊ. मी आत चहा करत होते तेव्हा तू ते लिहिलं असशील. साखर घाल म्हणालास, आणि लिहिलंस.

मयूरनं दोनदा हाक मारली. तू मला रिजेक्ट केलं नाहीस. पास पण केलं नाहीस. मी गरम आहे म्हणून बाजूला ठेवलंस आणि मी थंड होण्याची वाट बघत राहिलास, सात महिने, मोजून श्वास घेत. दर वेळी गेज लावून बघायचास, अजून काही आठवलं का गं. आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. आणि शेवटी चिडले. तुझ्याकडे वेळ नव्हता हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, तरी तू घाई केली नाहीस. सरळ विचारायचं होतंस. कुंदे, तू खोटं बोलली का, एवढं म्हणायचं होतंस. मी त्याच क्षणी सांगितलं असतं. का नसतं सांगितलं? मला खरंच कळत नाही. तुझ्यावर रागावून बघते, तर राग टिकत नाही. माझ्यावर रागावते, तर त्याचा कोणाला काही उपयोग नाही. वहिनीला सांगू? तिला बॉलचं काही नाही, तिला तू हवा आहेस.

अजून काही आठवलं का, विचारत होतास ना? आठवतं. सगळं आठवतं. आजी त्या सकाळी तेवढंच बोलून थांबली नव्हती. पुढे जे बोलली ते मी कधी मोजलंच नाही, कारण मला एकच गोष्ट लपवायची होती, हरल्याची. आता ऐक.

ती म्हणाली, सहाव्यांदा बॉल घरी आला तो मग परत गेलाच नाही. पावसाळा संपला, टीम मोडली, कोणी मागायला आलं नाही. पणजोबांनी त्या दिवशीही तो धुतला, तेल लावलं, कोनाड्यात ठेवला. पुढे त्यातली हवा गेली आणि तो एका बाजूनं बसला, पण जवसाच्या तेलानं असा लाकडासारखा झाला होता की दबेना, फाटेना. पणजीनं तो दार आपटू नये म्हणून दाराला लावायला घेतला. दीड वर्षांनी आजी रांगायला लागली. "मी त्याच बॉलवर हात टेकून उभी राहिली म्हणे," आजी म्हणाली. "चपटा होता न, घरंगळत नव्हता. मायले लई हसू येत होतं. म्हणे, सहा वेळा हरला तुझा बाप, तेव्हा कुठे तू उभी राहिली." आणि मग ती निवडलेले तांदूळ घेऊन आत गेली.

भाऊ, हे ऐकून तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. तू आधी म्हणाला असतास, दुसरी साक्ष आहे का. मग हसत सुटला असतास, नळी नाकात असली तरी, खोकला आला तरी. मग म्हणाला असतास, कुंदे, म्हणजे तेल कामी आलं. टाकीजवळच्या त्या पोरालाही हे चाललं असतं. जिंकण्यापेक्षा जास्त चाललं असतं, असं मला आज वाटतं, आणि आज वाटून काय होतं. मला वाटलं होतं, मी तुला हरण्यापासून वाचवते आहे. मी तुझ्यापासून ते बाळ लपवून ठेवलं, दाराजवळ उभं राहिलेलं.

मयूर आत आला तेव्हा मी पेन्सिल शोधत होते. "आत्या, कुछ लिखना है क्या? पेन दूँ?" म्हणाला. मी म्हटलं, पेन नको, पेन्सिल दे. त्यानं तुझ्याच डब्यातली दिली, दोन्हीकडून टोक केलेली, तुझी सवय.

मी माझ्या सहीवर एक रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. तुझ्या सहीला हात लावला नाही, तुला आजीनं जे सांगितलं ते तिनं खरंच सांगितलं होतं. मग निकालाच्या चौकोनात, तुझ्या 'होल्ड'च्या खाली लिहिलं: हरले. बॉल घरी आला. आणि समासात जागा पुरेल तेवढं, बारीक अक्षरात, आजी कशी उभी राहिली ते.

रविवारच्या आत वही कपाटात जाईल. हे पान पेन्सिलनंच राहणार, भाऊ. शाईसाठी दोन सह्या लागतात, आणि आजीच्या तोंडून ऐकलेले या घरात आपण दोघंच होतो.